हॉटेलसाठी कापडी शिल्पदिवे: गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉबी, रेस्टॉरंट आणि खोल्यांसाठी कापडाचे मोठे, घडीव आकाराचे दिवे करणारे इंटिरियर डिझायनर, वेल्डर, शिंपी आणि हॉटेलचा देखभाल विभाग जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं गोव्याची दमट, खारी हवा गृहीत धरून दिली आहेत. एकाच मुद्द्याचा दोन ठिकाणी संबंध आला, तर पुढच्या-मागच्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सुरुवात कुठून करायची? आकार आधी ठरवायचा की कापड?

दोन्हीच्या आधी एकच गोष्ट ठरवा: कापड सांगाड्यावरून उतरणार कसं. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा पाण्याने भरलेली असते, आणि किनाऱ्याजवळ ती बारा महिने खारी असते. कापड वर्षातून निदान दोनदा उतरवून धुवावं लागतं. ते सांगाड्याला डकवलेलं किंवा कायमचं शिवून टाकलेलं असेल तर एका डागासाठी अख्खा दिवा मोडीत जातो. इतकी मेहनत घेतलेल्या वस्तूचं असं होऊ नये.

चवथीला गणपतीवर बांधलेली माटोळी आठवा. भार लाकडी चौकट घेते. नारळ, सुपारीची शिपटी, रानफळं त्या चौकटीला वेगवेगळी बांधलेली असतात आणि वेगवेगळी सुटतात. कापडी दिव्याची रचना अशीच हवी. सांगाडा स्वतःच्या जोरावर उभा राहिला पाहिजे, आणि कापडाचा प्रत्येक भाग शिडीवरच्या एका माणसाला दोन हातांनी काढता आला पाहिजे. त्यासाठी एक भाग साधारण दीड मीटर लांबीचा आणि दोन किलोच्या आतला ठेवा.

मग १:१० मापात तारेचा आणि जुन्या बनियनच्या कापडाचा नमुना करा. तो डोक्याच्या वर टांगा, आत मोबाइलचा टॉर्च ठेवा आणि खालून पाहा. कागदावर सुंदर दिसणारे बरेच आकार खालून पाहिल्यावर नुसता गोळा दिसतात. त्यानंतर खऱ्या मापात एकच भाग शिवून बघा, अख्खा दिवा नको.

२. लॉबीसाठी दिवा किती मोठा असावा?

घरगुती ठोकताळा असा आहे: खोलीची लांबी आणि रुंदी फुटांत मोजून बेरीज करा, तितके इंच दिव्याचा व्यास. ८ बाय ६ मीटरच्या लॉबीला हा हिशोब ४६ इंच, म्हणजे सुमारे १.१७ मीटर सांगतो. छत तीन मीटरवर असेल तर तो ठीक. दुमजली उंचीच्या लॉबीत मात्र तो दिवा हरवून जातो. तिथे आकडा न लावता पीव्हीसी पाइपचं कडं करा, त्यावर चादर टाका, खऱ्या उंचीवर चढवा आणि दारातून, रिसेप्शनच्या मागून आणि जिन्यावरून फोटो काढा.

माणसं चालतात तिथे दिव्याचा तळ जमिनीपासून निदान २.४ मीटरवर असावा. जेवणाच्या टेबलावर तो टेबलाच्या पृष्ठभागापासून ७५ ते ९० सेंटिमीटर वर हवा. पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून दिव्याचा माथा दिसत असेल तर तो उघडा ठेवू नका. पाहुण्याला वरून धूळ, वायरी आणि पालीची विष्ठा दिसते. वर जाळीदार कापडाचं झाकण द्या, म्हणजे गरम हवाही निघून जाईल.

३. कोणतं कापड घ्यावं?

वळणदार, ताणलेल्या आकारांसाठी पॉलिएस्टर आणि स्पॅन्डेक्सचं, चारही दिशांना ताणलं जाणारं, १८० ते २२० जीएसएमचं (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं) कापड. सरळ पडणाऱ्या, घड्यांच्या आकारांसाठी लिननसारखं दिसणारं, धाग्यातच अग्निरोधक असलेलं पॉलिएस्टर. पाणी न शोषणारं असल्याने ते लवकर वाळतं आणि बुरशीला खाद्य देत नाही. नायलॉन उन्हाने आणि उष्णतेने पिवळं पडतं. रेशमाचा प्रकाश अप्रतिम असतो, पण खिडकीजवळ त्याचा रंग उडतो आणि धागा ठिसूळ होतो. ते आतल्या, वातानुकूलित जागेसाठीच राखा.

दुकानात कापड हातात घेऊन निवडू नका. वीतभर तुकडा दिव्यासमोर धरा. विणीतल्या गाठी, जाडपातळ धागा, तेलाचे डाग हे सगळं उजेड मागून आल्यावरच दिसतं. दिवसा, दिवा बंद असतानाही पाहा. हॉटेलमधला दिवा दिवसाचा बराच वेळ बंद असतो, आणि तेव्हा तो राखाडी, मरगळलेला दिसता कामा नये.

पन्ह्याकडे लक्ष द्या. गिरणीचं कापड बहुधा ५८ ते ६० इंच पन्ह्याचं मिळतं, हातमागाचं त्याहून अरुंद असतं. जोड टाळता येत नसेल तर तो सांगाड्याच्या सळईवरच आणा. दोन सळयांच्या मधोमध आलेला जोड दिवा लागला की काळ्या रेषेसारखा उमटतो.

४. कुणबी कापड वापरता येईल का? मालकांना काहीतरी गोव्याचं हवं आहे.

येईल, पण सबंध दिवा त्याचा करू नका. कुणबी लुगड्याचं लाल चौकड्याचं कापड गोव्याची खरी ओळख आहे, आणि गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते नव्याने लोकांसमोर आणलं. पण गडद लाल, दाट विणीचं सूत प्रकाश गिळतं, आणि जो थोडा बाहेर येतो तो तांबडा असतो. त्याखाली बसलेल्या माणसाचा चेहरा भाजल्यासारखा आणि ताटातली कोशिंबीर करडी दिसते.

चांगला मार्ग असा: आत पांढऱ्या पॉलिएस्टरचं आवरण ठेवा, बाहेर कुणबीची पट्टी कडेला किंवा घडीच्या पोटात द्या. चौकडा मागून उजळतो, आणि खालचा उजेड पांढऱ्या भागातून येतो. कापण्याआधी कापड दोनदा धुवून वाळवा. सुती कापड साधारण ३ ते ५ टक्के आटतं, त्यामुळे न धुता शिवलेलं आवरण पहिल्या धुलाईनंतर सांगाड्यावर चढत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग सुटतो का तेही पाहा. सुताच्या आगीच्या प्रश्नासाठी पुढचं उत्तर वाचा.

५. आगीसंबंधी काय काय लागतं? दुकानदार म्हणतो कापड ‘फायरप्रूफ’ आहे, तेवढं पुरे का?

नाही. कुठलंही कापड फायरप्रूफ नसतं. आग दूर केल्यावर ते स्वतःहून विझतं की नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. हॉटेलच्या कामात बहुतेक वेळा एनएफपीए ७०१ (कापडाच्या आगीची अमेरिकी चाचणी) किंवा पडद्यांसाठीचं भारतीय मानक आयएस १५७४१ यांचा अहवाल मागितला जातो. अहवालावर कापडाचं नाव, जीएसएम आणि रंग तुमच्या खरेदीच्या बिलाशी जुळले पाहिजेत. दुसऱ्याच कापडाचा अहवाल जोडून देण्याची सवय बाजारात आहे, म्हणून हे तीन तपशील एकेक करून ताडून पाहा.

अग्निरोधक कापड दोन प्रकारचं असतं, आणि गोव्यात हा फरक फार महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात गुण धाग्यातच असतो. तो धुतल्याने जात नाही. दुसऱ्या प्रकारात तयार कापड क्षारांच्या द्रावणात बुडवून वाळवलेलं असतं. हे क्षार हवेतलं पाणी ओढतात. पावसाळ्यात कापड चिकट लागतं, वाळल्यावर पांढरे भुरकट डाग उमटतात आणि कापडाला टेकलेली सळई गंजू लागते. शिवाय पहिल्याच धुलाईत औषध निघून जातं. म्हणून मुख्य कापड पहिल्याच प्रकारचं घ्या. सुती कापडावर प्रक्रिया करावीच लागली, तर दर धुलाईनंतर ती पुन्हा करून घेण्याची तारीख देखभालीच्या वहीत लिहा.

हाताशी करून पाहण्याची एक चाचणी: उघड्यावर, बाजूला पाण्याची बादली ठेवून, बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्टी चिमट्यात उभी धरा. खालच्या कडेला १२ सेकंद ज्योत लावा आणि बाजूला घ्या. ज्वाला दोन सेकंदांत विझली पाहिजे आणि जळते थेंब पडता कामा नयेत. ही चाचणी फक्त वाईट कापड बाद करण्यासाठी आहे. ती अहवालाची जागा घेत नाही.

दिवा स्प्रिंकलरच्या फवाऱ्याआड येऊ देऊ नका. दिव्याचा माथा स्प्रिंकलरच्या तोंडापासून निदान अर्धा मीटर खाली ठेवा आणि मोठ्या दिव्याचा नकाशा छत बंद होण्याआधी अग्निसुरक्षा सल्लागाराला दाखवा. अग्निशामक दलाची तपासणी झाल्यावर दिवा सरकवायचा म्हणजे छत फोडणं आलं.

६. सांगाडा साध्या लोखंडी सळईचा केला आणि रंग दिला तर चालेल का?

फोंडा-डिचोलीकडे, आतल्या वातानुकूलित जागेत, नीट पावडर कोटिंग केलेलं लोखंड काही वर्षं टिकतं. कळंगुट, मोरजी, कोलवा अशा किनारी भागात टिकत नाही. गंज नेमका वेल्डिंगच्या जागी आणि आवरण चढवताना घासल्या जाणाऱ्या कडांवर सुरू होतो, आणि कापडावर तांबूस डाग पाडतो.

किनाऱ्यावर एसएस ३१६ प्रकारचं स्टेनलेस स्टील घ्या. ३०४ प्रकारचं गंजून तुटत नाही, पण खाऱ्या हवेत त्यावर चहासारखे तपकिरी डाग येतात आणि तेच कापडाला लागतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, फरक त्याचा. वेल्डिंग आर्गनवर करून घ्या आणि जोडावरची काळी-निळी झाक पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) साफ करून घ्या. ती राहिली तर ३१६ सुद्धा तिथून डागाळतं. अ‍ॅल्युमिनियमचा भाग स्टीलला जोडायचा असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. दोन धातू आणि मीठ एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पिठूळ होऊन झिजतं.

शेवटचं काम म्हणजे सबंध सांगाड्यावर पातळ पायमोजा फिरवा. जिथे तो अडकेल तिथे तुमचं कापडही फाटेल.

७. वेताचा किंवा बांबूचा सांगाडा?

दिसतो सुरेख, हलका असतो. पण भुंगा लागतो, आणि दमट हवेत वाक बदलतो. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात मुरवलेलाच माल घ्या. भार वेतावर टाकू नका. आत स्टीलची एक कडी आणि तीन उभ्या सळया ठेवा, वेत केवळ आकारासाठी.

८. किती वॅटचे एलईडी लागतील?

वॅटवरून नाही, लक्सवरून, म्हणजे एका चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडावरून निघा. समजा ८ बाय ६ मीटरची लॉबी आहे, म्हणजे ४८ चौरस मीटर, आणि १५० लक्स हवेत. जमिनीवर ७२०० ल्युमेन (एकूण उजेडाचं एकक) पोचले पाहिजेत. कापडातून अर्धा प्रकाश बाहेर येतो असं धरा, त्यातला अर्धा भिंती-छत शोषतात, आणि धूळ व वयासाठी ०.८ चा गुणक. ७२०० भागिले ०.५ × ०.५ × ०.८ म्हणजे ३६,००० ल्युमेन. वॅटला १०० ल्युमेनप्रमाणे ३६० वॅट. इतका उजेड एका कापडी दिव्यात भरला तर तो डोळ्यांत खुपतो आणि त्याचं सगळं सौंदर्य जळून जातं.

म्हणून शिल्पदिव्याकडे एकूण उजेडाचा साधारण ३० टक्के वाटा द्या, बाकी काम छतातल्या डाउनलाइटना आणि भिंतीवरच्या दिव्यांना. ३० टक्के म्हणजे १०८ वॅट. मीटरला १४.४ वॅटची एलईडी पट्टी घेतली तर ७.५ मीटर पुरते.

कापडाचा ‘अर्धा’ हा आकडा गृहीत धरू नका, मोजा. अंधाऱ्या खोलीत दिव्यापासून एक मीटरवर लक्समीटर ठेवा, आधी उघडा आणि मग कापड घालून वाचन घ्या. मोबाइलचं अ‍ॅप नेमका आकडा देत नाही, पण दोन वाचनांचं गुणोत्तर बऱ्यापैकी सांगतं.

रंगाचं तापमान २७०० केल्विन, सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९० किंवा वर. सबंध हॉटेलसाठी पट्टी एकाच कंपनीची आणि एकाच बॅचची घ्या, आणि दहा टक्के जास्तीची ठेवून द्या.

९. कापडावर उजेडाचे ठिपके आणि सळ्यांच्या सावल्या दिसतात. काय चुकलं?

पट्टी कापडाच्या फार जवळ आहे. सोपा नियम: दोन ओळींमध्ये जेवढं अंतर, निदान तेवढंच अंतर ओळीपासून कापडापर्यंत. १५ सेंटिमीटरवर ओळी असतील तर कापड १५ सेंटिमीटर दूर. जागा नसेल तर ओळी वाढवा आणि प्रत्येकीचा वॅट कमी करा. पट्टी नेहमी अ‍ॅल्युमिनियम चॅनेलमध्ये, दुधी डिफ्युझरखाली. चॅनेल केवळ दिसायला नाही, पट्टीची उष्णता तोच वाहून नेतो.

सावली येते ती एकाच तीव्र बिंदूतून प्रकाश निघतो तेव्हा. मधोमध एक मोठा बल्ब लावला की प्रत्येक सळई कापडावर छापली जाते. प्रकाश लांब दांड्यावर पसरून द्या आणि सांगाडा आतून मॅट पांढरा रंगवा. कधी कधी सळ्यांची सावली हवीही असते, पानाच्या शिरांसारखी. मग ती मुद्दाम आखा, म्हणजे ती चूक वाटणार नाही.

१०. आवरण शिवताना ताण किती द्यायचा? सुरकुत्या जात नाहीत.

स्पॅन्डेक्सचं कापड सांगाड्याच्या मापापेक्षा ५ ते १० टक्के लहान बेता. किती, ते तुमच्या कापडाच्या ताणावर ठरतं, म्हणून आधी एक भाग. काम या क्रमाने करा:

सांगाड्यावर पातळ प्लास्टिक गुंडाळून टेपने चिकटवा. सळ्यांच्या रेषा मार्करने काढा. त्या रेषांवर कापून प्लास्टिक सपाट पसरा. जिथे ते सपाट होत नाही तिथे चीर द्या, तीच तुमची शिवण. ब्राउन पेपरवर उतरवा, ताणाचं प्रमाण वजा करा, शिलाईचा एक सेंटिमीटर वाढवा. कापडावर बाणाने ताणाची दिशा लिहा, कारण उभा आणि आडवा ताण सारखा नसतो.

दोरा पॉलिएस्टरचाच. सुती दोरा दमट हवेत कुजतो, आणि कापड धडधाकट असताना शिवण उसवते. टाका ताणणारा हवा: ओव्हरलॉक किंवा बारीक झिगझॅग. सरळ टाका चढवतानाच तटतटून तुटतो. बंद करायला नायलॉनची चेन घ्या. वेल्क्रो स्वस्त पडतं, पण त्याचे काटे धुताना कापडाचे धागे ओढतात. वापरलंत तर धुण्याआधी बंद करायला सांगा.

सुरकुती सांगते कुठे काय बिघडलं. कोपऱ्यातून तिरकी जाणारी सुरकुती म्हणजे तो कोपरा जास्त ओढला गेला आहे. सळईला समांतर ढिली लाट म्हणजे त्या दिशेला कापड जास्त आहे. आतल्या बाजूने वळणाऱ्या शिवणीला चिरा दिल्या नसतील तर तिथे चुण्या पडतातच.

११. दिवा छताला कसा टांगायचा? जुन्या घराचं हॉटेल केलं आहे.

आधी वजन काढा. १० मिलिमीटरची स्टीलची सळई मीटरला सुमारे ०.६२ किलो भरते. ३० मीटर सळई म्हणजे १८.६ किलो, १२ चौरस मीटर कापड २०० जीएसएमने २.४ किलो, चॅनेल, पट्टी, वायर मिळून चारेक किलो. एकूण २५ किलो. टांगणी निदान पाचपट भाराची करा, १२५ किलोची.

आरसीसी स्लॅबमध्ये एम८ चे अँकर आणि तीन वेगळे बिंदू. एक सुटला तरी दिवा दोनांवर राहिला पाहिजे. त्याशिवाय सांगाड्यापासून स्लॅबपर्यंत एक वेगळी सुरक्षा दोरी, २ मिलिमीटरच्या स्टीलच्या वायर रोपची. फॉल्स सीलिंगला काहीही टांगू नका, पाच किलोसुद्धा. पीओपी आणि जिप्सम फक्त स्वतःचं वजन पेलतात.

पणजीतल्या फोन्तेन्हाससारख्या भागातल्या जुन्या घरांत वर स्लॅब नसतोच. कौलं, लाकडी वासे आणि चिऱ्याच्या भिंती. चिरा मऊ आणि सच्छिद्र असतो. साधा एक्स्पान्शन अँकर त्यात फुलतो आणि दगडच भुसभुशीत करतो. भिंतीतून आधार घ्यायचा असेल तर जाळीदार स्लीव्ह घालून केमिकल अँकर (रेझिनने चिकटवलेला बोल्ट), आणि बसवल्यावर प्रत्यक्ष वजन टांगून चाचणी. अधिक चांगलं म्हणजे दोन तुळयांवर आडवा पाइप टाकून भार वाटून देणं. तुळईला टोकदार हत्याराने टोचून पाहा. हत्यार सहज आत गेलं तर वाळवी किंवा कुजट आहे. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

१२. ड्रायव्हर (एलईडीला योग्य व्होल्टेज देणारा डबा) दिव्याच्या आत ठेवू की बाहेर?

बाहेर. आतली गरम हवा ड्रायव्हरमधल्या कपॅसिटरचं आयुष्य खाते. तापमान दहा अंशांनी वाढलं की ते साधारण निम्मं होतं. शिवाय ड्रायव्हर बिघडला की पाहुण्यांच्या डोक्यावर मचाण बांधावी लागते. तो छतातल्या तपासणी झडपेजवळ, हात पोचेल असा ठेवा.

भार ड्रायव्हरच्या ८० टक्क्यांच्या आत. १०८ वॅटसाठी १३५ लागतो, म्हणून १५० वॅटचा, २४ व्होल्टचा घ्या, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी असलेला. पट्टी एका टोकाने पाच मीटरपेक्षा जास्त चालवू नका, शेवट मंद पडतो. ७.५ मीटरचे दोन तुकडे करून प्रत्येकाला वेगळी वायर द्या.

ड्रायव्हर दूर नेला की व्होल्टेज पडतं. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरने दहा मीटर अंतरावर ४ अँपिअर नेले तर जवळपास १ व्होल्ट वायरीतच जातो, म्हणजे ४ टक्के. तेवढं चालतं. त्यापुढे जाड वायर घ्या. पावसाळ्यातल्या विजांसाठी पॅनेलवर सर्ज प्रोटेक्टर असलाच पाहिजे.

१३. डिमर लावल्यावर दिवा लुकलुकतो.

भिंतीवरचा जुना, पिवळ्या बल्बसाठीचा डिमर आणि एलईडी ड्रायव्हर यांचं जमत नाही. डिमर बदलून उपयोग होईलच असं नाही, दोघांची जोडी जुळावी लागते. नव्या कामात डाली किंवा ०-१० व्होल्टचा (उजेड कमी-जास्त करण्याच्या या दोन पद्धती) ड्रायव्हर घ्या आणि वायरी छत बंद होण्याआधी ओढा. मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिवा पाहा. मंद उजेडात पट्टे सरकताना दिसले तर तो ड्रायव्हर परत करा. लग्नाचे फोटो काढणारे पहिली तक्रार याचीच करतात.

१४. पंख्याजवळ किंवा एसीच्या झोतात दिवा हलतो.

पंख्याच्या पात्याच्या टोकापासून एक मीटर दूर, आणि पात्यांच्या वर कधीच नाही. पात्यांआडून येणारा प्रकाश सतत चमकतो आणि डोकं दुखवतो. एसीचा झोत असेल तर त्याच्या पट्ट्या वळवा. तरीही हलत असेल तर तळाच्या दुमडीत ६ मिलिमीटरची स्टीलची सळई घाला.

१५. पावसाळ्यात कापडावर काळे ठिपके आले. बुरशी आहे का, आणि काढायची कशी?

काळे किंवा हिरवट बारीक ठिपके, आधी दुमडीत आणि शिवणीत, जिथे कापड दुहेरी आहे: ही बुरशी. पांढरी भुकटी असेल तर ते क्षार (प्रश्न ५). तांबूस डाग असतील तर गंज (प्रश्न ६). तिघांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी ओळखा.

बुरशी दिव्यावरच झटकू नका, तिचे कण सगळ्या खोलीत पसरतात. आवरण उतरवून पिशवीत घाला, उघड्यावर न्या, मऊ ब्रशने झाडा. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून धुवा. पांढऱ्या पॉलिएस्टरवर डाग उरला तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड दहा मिनिटं लावून खळबळा. आधी दुमडीच्या आत तपासून घ्या. क्लोरिनचं ब्लीच नको, ते स्पॅन्डेक्सचा ताण मारतं. सावलीत पूर्ण वाळवा. दुमडी दोन बोटांत दाबून गार लागली तर अजून ओलं आहे.

पावसाळ्यात बंद ठेवलेल्या खोल्यांत हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांवर राहिली की बुरशी येणारच. मे अखेरीस आवरणं उतरवा, धुवा, सुती चादरीत गुंडाळून सिलिका जेलच्या पिशव्यांसह ठेवा. प्लास्टिकमध्ये नको. चालू खोल्यांत एसी ड्राय मोडवर किंवा डिह्युमिडिफायर चालवा.

१६. पहिल्या पावसानंतर दिव्यात पंखवाली वाळवी भरते. उपाय?

तळ उघडा असेल तर ती भरणारच, आणि मेलेल्या किड्यांची सावली कापडावर दिसते. तळाला बारीक पॉलिएस्टर जाळीचं झाकण, चेन लावून काढता येणारं. वायर आत येते त्या भोकाला रबरी ग्रोमेट, नाहीतर पाल तिथूनच शिरते. पावसाच्या पहिल्या आठवड्यांत संध्याकाळी दरवाजे बंद होईपर्यंत दिवा मंद ठेवला तर बराच फरक पडतो.

१७. बाल्कांवात (गोव्याच्या घरापुढच्या छपरीच्या ओसरीत) किंवा उघड्या रेस्टॉरंटमध्ये असा दिवा लावता येईल?

छप्पर असेल आणि पाऊस तिरका आत येत नसेल तर हो, पण कापड आणि वीज दोन्ही बदलावी लागतात. कापड बाहेरच्या वापराचं, धाग्यातच रंगवलेलं अ‍ॅक्रिलिक किंवा पीव्हीसीचा लेप दिलेली जाळी. मात्र बाहेरचं अ‍ॅक्रिलिक अग्निरोधक असतंच असं नाही. तो अहवाल वेगळा मागा. पट्टी आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या झोतापासून सुरक्षित), जोड सिलिकॉनने बंद, सगळे स्क्रू ३१६ चे. तळाला ६ मिलिमीटरची पाणी निथळायची भोकं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आवरण उतरवलेलंच बरं, म्हणून नुसता सांगाडाही बघवेल असा आखा.

१८. हस्तकागद किंवा खिडक्यांचे शिंपले कापडासोबत वापरावेत का?

जपानी-अमेरिकी शिल्पकार इसामु नोगुची यांचे १९५१ पासूनचे ‘अकारी’ दिवे पाहून अनेक जण कागदाचा आग्रह धरतात. जपानी वाशी कागद आणि बांबूची ती रचना मोहक आहे, पण गोव्याच्या दमट हवेत कागद सैल पडतो आणि धुता येत नाही. तोच आकार बिनविणीच्या पॉलिएस्टरमध्ये बराच जवळ येतो.

जुन्या घरांच्या खिडक्यांतले शिंपले दिव्यात फार सुंदर दिसतात. मात्र हा शिंपला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे, नवे गोळा करायला लावू नका. मोडलेल्या जुन्या खिडकीचे असतील तरी ते कुठून आले याची नोंद ठेवा. त्यांच्या कडा कापड कापतात, म्हणून ते आवरणावर न शिवता सांगाड्याला वेगळ्या चौकटीत बसवा.

१९. चाळीस खोल्यांत एकच दिवा आहे. सगळे सारखे का दिसत नाहीत?

बहुधा कापड दोन वेगवेगळ्या रंगाईच्या खेपांतलं आहे. दिवसा फरक कळत नाही, दिवा लावला की एक खोली पिवळसर आणि शेजारची गुलाबीसर. सगळं कापड एकाच खेपेचं, एकदम घ्या, आणि बदली आवरणांचंही त्यातच. फरक आलाच असेल तर दोन खेपा दोन मजल्यांवर वाटून टाका, एका कॉरिडॉरमध्ये मिसळू नका.

२०. आवरणाचे किती जोड करावेत आणि किती वेळा धुवावेत?

लॉबीच्या दिव्याचे दोन पूर्ण जोड. एक वर, एक धुऊन तयार. खोल्यांसाठी दर दहा दिव्यांमागे दोन जास्तीची आवरणं. दर आठवड्याला मऊ ब्रशचं व्हॅक्युम, ऑक्टोबरमध्ये हंगामाआधी आणि मे अखेरीस धुलाई. हॉटेलच्या लाँड्रीतल्या गरम ड्रायरमध्ये ही आवरणं जाणार नाहीत असं लेबल मराठी, कोकणी आणि हिंदीत शिवून द्या. लाँड्रीत काम करणाऱ्याला वाचता येईल ती भाषा महत्त्वाची. दर सांगतानाच दुसरा जोड धरा; नंतर वेगळा मागितला तर मालक नाही म्हणतात.

२१. दोन वर्षांनी नवं आवरण शिवलं, ते बसत नाही. पॅटर्न तर तोच आहे.

तीन शक्यता क्रमाने तपासा. एक, कापड तेच आहे का? वेगळ्या खेपेचा ताण वेगळा असू शकतो. वीतभर तुकडा फुटपट्टीवर ओढून जुन्याशी ताडा. दोन, सांगाडा वाकला आहे का? शिडी टेकली किंवा कुणी फुगे बांधताना ओढलं की कडं अंडाकृती होतं. दोन दिशांनी व्यास मोजा, १० मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर आधी सांगाडा सरळ करा. तीन, दिवा हाताने घडवलेला असेल तर एकाच नकाशावरचे दोन सांगाडेही तंतोतंत सारखे नसतात, आणि हा पॅटर्न शेजारच्या दिव्याचा असू शकतो.

म्हणूनच प्रत्येक सांगाड्यावर क्रमांक ठोकावा, तोच क्रमांक आवरणाच्या दुमडीत शिवावा आणि ब्राउन पेपरवरच्या पॅटर्नवर लिहावा. काम हस्तांतरित करताना हॉटेलला पॅटर्नची गुंडाळी, एक मीटर मूळ कापड, दोऱ्याची रीळ, अग्निचाचणीचा अहवाल, ड्रायव्हरचा मॉडेल क्रमांक आणि टांगणीच्या बिंदूंचा मापांसह फोटो द्या. पॅटर्न कोरड्या कपाटात, उभा गुंडाळून ठेवायला सांगा. घडी घातलेला ब्राउन पेपर एका पावसाळ्यात घडीवरच फाटतो.